चेहरा ओळखू येईल इतका उजेड

इंग्रजी भाषेत ‘ट्वायलाइट’ हा एक सर्वपरिचित शब्द आहे. आपल्या शब्दकोशांत त्याला ‘संधिप्रकाश’ असा प्रतिशब्द दिलेला असतो आणि विद्यार्थी तो पाठ करून मोकळे होतात. परंतु प्रतिशब्द मिळाला म्हणजे शब्द उमगला असे नव्हे. गावात कोणी कोणाला ‘संधिप्रकाशात ये’ असे सांगत नाही. आपण दिवेलागणीला भेटतो, तिन्हीसांजेच्या आत मुलांना घरी बोलावतो, कातरवेळी उगाच हुरहुरतो आणि झुंजूमुंजू होताच अंथरूण सोडतो. मराठीने सकाळच्या आणि सायंकाळच्या अंधूक उजेडाला अशी निरनिराळी घरगुती नावे दिली. इंग्रजीने मात्र दोन्ही वेळांना एकाच शब्दात कोंबले. त्या शब्दातील ‘ट्वाय’ म्हणजे ‘दोन’. हा उजेड दिवसातून दोनदा येतो म्हणून दोन, की दिवस आणि रात्र या दोहोंच्या मधला म्हणून दोन, याविषयी भाषापंडितांचे एकमत नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकांपासून हा शब्द इंग्रजीत रुळला आणि तेव्हापासून त्याने इतकी ओझी वाहिली की, त्यांची मोजदाद केली तर न्यायासन, जहाजाचा डेक, प्रसूतिगृह आणि ख्रिस्तमंदिराचे अंगण अशा परस्परांपासून दूरच्या ठिकाणी आपल्याला जावे लागते.

या सर्व ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला: दिवस नेमका कुठे संपला? आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर निराळे आले, कारण विचारणाऱ्याचे त्यात जे अडकलेले होते ते निराळे होते.

लाक्षणिक अर्थांची गोष्ट थोडक्यात उरकतो. ‘आयुष्याचा संधिप्रकाश’ म्हणजे वार्धक्य, ‘साम्राज्याचा संधिप्रकाश’ म्हणजे ऱ्हासकाळ, हे प्रयोग आज इंग्रजी वृत्तपत्रांत पावलोपावली भेटतात. त्यांच्या प्रसाराला जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नर याच्या १८७६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘देवांचा संधिप्रकाश’ या संगीतनाटकाचा मोठा हातभार लागला. गंमत अशी की, हे नावच एका शब्दाच्या घसरणीतून जन्मले आहे. उत्तर युरोपातील प्राचीन काव्यांत देवांच्या अंताला जो शब्द होता त्याचा अर्थ ‘देवांचे प्राक्तन’ असा होता. तेराव्या शतकातील आइसलँडच्या गद्यग्रंथात त्याच शब्दाचे शेवटचे अक्षर किंचित बदलून ‘देवांचा अंधार’ असे रूप आले, आणि पुढे जर्मन भाषांतरकारांनी ते उचलले. एका अक्षराच्या फरकाने नियतीची जागा मावळतीने घेतली आणि साऱ्या युरोपला हा अपघात इतका आवडला की मूळ अर्थ मागे पडला.

दुसरा एक अर्थ मात्र इतक्या सहजपणे सोडून देण्यासारखा नाही, कारण तो आपल्या आया-बहिणींच्या वेदनेशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे क्र्योनिग आणि गाउस या दोन डॉक्टरांनी प्रसूतीच्या वेळी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन ही औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ केली. इंग्रजीत तिला ‘ट्वायलाइट स्लीप’ म्हणू लागले. आपण ‘संधिनिद्रा’ म्हणू. स्त्री पूर्ण बेशुद्धही नाही आणि पूर्ण शुद्धीतही नाही, अशी ती अवस्था. डॉक्टर तिला एखादी वस्तू दाखवीत आणि काही वेळाने तीच वस्तू पुन्हा दाखवून ‘ही मघाशी पाहिली होती का?’ असे विचारीत. तिला आठवले नाही म्हणजे मात्रा योग्य झाली. या कसोटीत सारे रहस्य आहे. औषधाने वेदना फारशी जात नसे, जात असे ती वेदनेची आठवण. स्त्री कळा सोसताना किंचाळे, तळमळे, क्वचित तिला बांधून ठेवावे लागे, आणि सकाळी उठून ती सांगे की, मला काहीच झाले नाही. १९१४ साली अमेरिकेतील नियतकालिकांतून या पद्धतीचा गाजावाजा झाला आणि सुशिक्षित स्त्रियांनीच ती सर्व रुग्णालयांत मिळावी यासाठी चळवळ उभारली. दुसऱ्याच वर्षी त्या चळवळीतील एक अग्रणी महिला स्वतःच्या प्रसूतीत दगावली. मृत्यूचे कारण हे औषध नव्हे, असे सांगण्यात आले तरी चळवळीचा जोर ओसरला. अर्भकाच्या श्वासावर या औषधांचा दुष्परिणाम होतो, हेही डॉक्टरांच्या ध्यानात येत होते. तरीसुद्धा स्कोपोलामिनचा वापर अमेरिकी प्रसूतिगृहांत १९६०च्या दशकापर्यंत टिकून राहिला. त्या स्त्रियांना फसवले म्हणावे, की त्यांनी मागितले तेच त्यांना मिळाले? माझ्या मते, जी वेदना सोसणारीला आठवत नाही ती वेदनाच नव्हे, असे ठरवण्याचा अधिकार बघणाऱ्याला नसतो.

आता शब्दाच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे खऱ्याखुऱ्या उजेडाकडे वळू. त्या उजेडाच्या मोजमापावर एके काळी इंग्लंडमध्ये माणसाचा गळा फासात जाई किंवा सुटे.

जुन्या इंग्रजी कायद्यात घरफोडी हा गुन्हा रात्रीच घडू शकत असे. वाईट हेतूने दिवसाउजेडी कोणी घर फोडले तर तो गुन्हा ठरे, पण ‘बर्गलरी’ नव्हे. बर्गलरीला शिक्षा होती देहदंडाची. १५७६ नंतर धर्मपदाचा किंवा अक्षरओळखीचा आधार घेऊन सुटण्याची सवलतही या गुन्ह्याला उरली नव्हती. तेव्हा न्यायाधीशांपुढे प्रश्न उभा राही: सूर्य तर बुडाला होता, परंतु उजेड शिल्लक होता, अशा वेळी आरोपीने दार फोडले. ही रात्र मानायची की दिवस? अठराव्या शतकातील थोर विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन याने १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यग्रंथाच्या चौथ्या खंडात याचे उत्तर नमूद केले आहे. पूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त हाच दिवस मानीत. परंतु अधिक ग्राह्य मत असे की, माणसाचा चेहरा ओळखता येईल इतका दिवसाचा उजेड किंवा संधिप्रकाश शिल्लक असेल तर ती घरफोडी होत नाही. म्हणजे घड्याळ नाही, पंचांग नाही. साक्षीदाराला समोरच्याचे नाक-डोळे दिसत होते का, एवढेच बघायचे. आणि लगेच एक अपवाद: चांदण्याचा उजेड यात धरायचा नाही. चांदणे धरले तर ऐन मध्यरात्रीचे कितीतरी चोर सुटून जातील!

हा अपवाद वाचताना प्रथम हसू येते. मग ब्लॅकस्टनने दिलेले कारण वाचले की हसू मावळते. या गुन्ह्याचे पाप अंधारात नाही, असे त्याचे म्हणणे. ते आहे निजानीज झालेल्या वेळेत. झोपेने घरधन्याची शस्त्रे काढून घेतलेली असतात आणि त्याचा किल्ला निराधार झालेला असतो. म्हणजे संधिप्रकाश हा येथे नुसता प्रकाश नव्हताच. ती माणसे जागी असण्याची, शेजारी हाकेला ओ देण्याची वेळ होती.

परंतु साक्षीदाराच्या डोळ्यांवर माणसाचा प्राण टांगून ठेवणे हे एकोणिसाव्या शतकाला रुचले नाही. १८३७ च्या कायद्याने इंग्लंडच्या संसदेने रात्रीची व्याख्याच करून टाकली: रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत. त्याच कायद्याने, घरातल्या माणसांवर हल्ला झाला नसेल तर, घरफोडीची फाशीही उठवली. व्याख्या सुटसुटीत होती, पण सूर्याला मान्य नव्हती. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस नऊ वाजता अंगणात सहज वावरता येईल इतका उजेड असतो. डिसेंबरात चार वाजण्यापूर्वी सूर्य बुडतो आणि पाच वाजता सगळीकडे काळोख असतो. तरी कायद्याच्या दृष्टीने जूनचे सव्वानऊ ही रात्र आणि डिसेंबरचे साडेआठ हा दिवस! ही विसंगती इंग्लंडने १९६८ पर्यंत सांभाळली. त्या वर्षीच्या चोरीविषयक कायद्याने घरफोडीच्या व्याख्येतून रात्रच काढून टाकली.

आपल्याकडे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. मेकॉलेच्या मसुद्यावरून तयार झालेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिने इंग्रजांचा चेहराही घेतला नाही आणि घड्याळही घेतले नाही. रात्रीची घरफोडी म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, अशी सरळ रेघ कलम ४४६ ने मारली. संधिप्रकाश संपूर्णपणे रात्रीच्या पदरात गेला. या रेघेच्या अलीकडे-पलीकडे बराच फरक होता. चोरीच्या हेतूने दिवसा घर फोडल्यास कैद दहा वर्षांपर्यंत, रात्री फोडल्यास चौदा वर्षांपर्यंत. त्याहून गंभीर गोष्ट कलम १०३ मध्ये होती: रात्रीची घरफोडी करणाऱ्याचा प्रतिकार करताना, स्वसंरक्षणाच्या मर्यादा पाळून, घरधन्याने त्याचा प्राण घेतला तरी कायदा त्याला दोषी धरत नसे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तेथेही सूर्यास्त आणि सूर्योदय याच मर्यादा कायम आहेत.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे निर्गम ग्रंथाचा बाविसावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. घर फोडताना सापडलेला चोर मार लागून मेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. परंतु सूर्य उगवल्यानंतर त्याला मारले तर दोष आहे, असा तेथील नियम. उजेड झाला म्हणजे चोराचाही जीव मोलाचा ठरतो. मेकॉलेच्या मंडळींनी हा अध्याय समोर ठेवून कलम लिहिले, असे माझे म्हणणे नाही. परंतु मोशेच्या नियमशास्त्रातील त्या रेघेशी आपल्या दंडसंहितेची रेघ इंग्लंडच्या कायद्यापेक्षा अधिक जुळते, एवढे मात्र खरे.

आपल्या कायद्यात या सूर्यास्ताची आणखीही काही अपत्ये आहेत. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत असा नियम आला की, अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करू नये. अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी. येथे सरळ रेघ हीच स्त्रीची ढाल आहे. ‘अजून चेहरे दिसत होते’ असे म्हणण्याची सोय तिने कोणाला ठेवलेली नाही. याउलट १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी गाड्यांचे दिवे लावण्यासाठी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची मुभा दिली आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य बुडाल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे रस्ता दिसतो, तेव्हा हा अर्धा तास थोडा उदारच म्हणायचा.

हे ‘वीस-पंचवीस मिनिटे’ कोणी मोजले? संधिप्रकाशाची लांबी मोजण्याची खटपट प्रार्थनेच्या वेळेतून सुरू झाली. यहुदी परंपरेत दिवस सायंकाळी सुरू होतो. त्यामुळे शब्बाथ नेमका केव्हा लागला, हा प्रश्न जिव्हाळ्याचा. तालमूद ग्रंथात या मधल्या वेळेला ‘दोन सूर्यांच्या मधला काळ’ असे सुरेख नाव आहे. ती वेळ दिवसात धरावी की रात्रीत, याविषयी रब्बींना शंका. आणि शंकेच्या वेळी दोन्हींचे कडक नियम पाळायचे. एक तारा दिसला तर अजून दिवस, दोन दिसले तर मधली वेळ, तीन दिसले की रात्र, असा ठोकताळा त्यांनी दिला. एका रब्बीचे मत मात्र असे की, ही मधली वेळ पापणी लवण्याइतकीच असते. एक आत येतो आणि दुसरा बाहेर जातो, मध्ये उभे राहायला जागाच नाही. वल्हांडणाच्या कोकराचा वध ‘दोन सायंकाळांच्या मध्ये’ करावा, असे निर्गमाच्या बाराव्या अध्यायातील मूळ हिब्रू शब्द आहेत. शोमरोनी लोकांनी त्याचा अर्थ सूर्यास्त ते काळोख असा केला. यरुशलेमच्या मंदिरात मात्र दुपार उतरल्यापासूनच वध सुरू होई. नवव्या तासापासून अकराव्यापर्यंत, असे इतिहासकार जोसीफस लिहितो. अलीकडच्या काही इंग्रजी बायबलांत त्या जागी ‘ट्वायलाइट’ शब्द आला आहे, आणि वाचकाच्या नकळत भाषांतरकाराने एक बाजू घेऊन टाकली आहे.

इस्लाममध्ये रात्रीच्या नमाजाची वेळ पश्चिमेची लाली किंवा शुभ्रता मावळण्याशी आणि रोजाचा आरंभ पहाट फुटण्याशी बांधलेला आहे. त्यामुळे अरबी ज्योतिषी फार पूर्वीपासून क्षितिजाखाली गेलेला सूर्य मोजू लागले. सूर्य डोळ्यांआड असताना त्याचे स्थान गणिताने काढायचे आणि उजेड कधी विझतो याच्याशी ते ताडून पाहायचे, असा तो उद्योग होता. अकराव्या शतकात स्पेनमधील हाएन नगरीत इब्न मुआध नावाचा एक गणिती होऊन गेला. तो काझी, म्हणजे न्यायाधीशही होता, ही गोष्ट मला सूचक वाटते. सूर्य क्षितिजाखाली सुमारे १९ अंश असताना पहाटेचा पहिला उजेड दिसतो, असे मानून त्याने पृथ्वीभोवतालच्या वातावरणाची उंची काढली. ती आली सुमारे ५२ मैल. पायाखालची जमीन न सोडता, केवळ पहाटेकडे बघून, आकाशाचे छत मोजण्याचा हा प्रयत्न होता. बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. पुढे तो दुसऱ्याच एका विख्यात अरबी शास्त्रज्ञाच्या, इब्न अल्‌-हैथमच्या, नावावर खपला. खरा कर्ता १९६७ साली उजेडात आला.

या लॅटिन अनुवादाला छापील रूप लाभले ते १५४२ साली लिस्बन येथे, पेद्रो नुनेश या पोर्तुगीज गणितीच्या ‘संधिप्रकाशाविषयी’ या लॅटिन पुस्तकाला जोडून. नुनेश हा राजाचा विश्ववर्णनकार, म्हणजे दर्यावर्द्यांना नकाशे आणि गणिते पुरवणारा अधिकारी. राजा तिसरा जुआंव याचा भाऊ राजपुत्र हेन्रिक याला तो शिकवीत असे. निरनिराळ्या प्रदेशांत संधिप्रकाश कमीअधिक का टिकतो, असे या राजपुत्राने विचारले, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल हे पुस्तक सिद्ध झाले. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो म्हणून अंधार झटकन पडतो. उत्तरेकडे तो तिरका घसरत जातो म्हणून उजेड रेंगाळतो. इतके तर खलाशांनाही ठाऊक होते. नुनेशने त्यापुढे जाऊन सिद्ध केले की, वर्षातील सर्वांत आखूड संधिप्रकाश सर्वांत लहान दिवशीही येत नाही आणि समदिनीही येत नाही. प्रत्येक अक्षांशाला त्याची स्वतःची तारीख असते. त्या नियमाने हिशेब केला तर वसईच्या अक्षांशावर हा दिवस मार्चच्या मध्याअगोदर आणि पुन्हा सप्टेंबर सरता सरता येतो. भूमितीने सोडवलेले हे कोडे दीडशे वर्षांनंतर बर्नुली बंधूंनी नव्या कलनशास्त्राने पुन्हा सोडवले, तेव्हा त्यांनाही घाम फुटला होता.

नुनेशचा जन्म ख्रिस्ती झालेल्या यहुदी कुळातला. त्याचा शिष्य हेन्रिक १५३९ साली पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचा प्रमुख झाला, १५४५ साली कार्डिनल झाला आणि शेवटी, नुनेश वारला त्याच १५७८ साली, राजाही झाला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले ते त्याच्याच अमदानीत. गुरूला हयातीत त्याचा उपसर्ग झाला नाही. नातवांना झाला: सतराव्या शतकात नुनेशचे दोन नातू यहुदी आचार पाळल्याच्या आरोपावरून त्याच न्यायासनाच्या कैदेत पडले. हे लिहिताना हात जड होतो, पण गाळून पुढे जाणे बरे नव्हे.

नुनेशचा दुसरा एक शिष्य आपल्या किनाऱ्यावर येऊन गेला. त्याचे नाव जुआंव द कास्त्रो. पुढे गोव्याचा गव्हर्नर आणि अखेरीस व्हाइसरॉय झालेला हा पुरुष १५३८ साली प्रथम हिंदुस्थानास निघाला तेव्हा गुरूने सुचवलेले छायायंत्र त्याच्याबरोबर होते, आणि वाटेत तो त्याची कसोटी घेत होता. गोव्याहून दीवला जाताना त्याने किनाऱ्याची जी तपशीलवार रोजनिशी लिहिली, तिच्यात घारापुरीच्या आणि कान्हेरीच्या लेण्यांचे वर्णन आहे. वसईच्या परिसरात खडकांमुळे होकायंत्राची सुई बहकते, अशी नोंदही त्याने केली. वसईचे खडक विज्ञानाच्या इतिहासात अशा तऱ्हेने गेले आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. १५४८ साली तो गोव्यात वारला.

खलाशांच्या लेखी संधिप्रकाश हा कामाचा ऐन मोका असतो. ताऱ्यांवरून जहाजाचे ठिकाण काढायचे तर दोन गोष्टी एकाच वेळी दिसाव्या लागतात: वर तारे आणि खाली समुद्र-आकाशाची रेघ. दिवसा तारे नाहीत, रात्री रेघ नाही. दोन्ही असतात ती वेळ सकाळ-संध्याकाळची थोडी मिनिटे. म्हणून पुढे पंचांगकारांनी संधिप्रकाशाचे तीन थर ठरवले. सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश. त्यात बाहेरची कामे दिव्याविना होतात. १२ अंशांपर्यंत नाविक. तो संपला की क्षितिजाची रेघ हरवते. १८ अंशांपर्यंत खगोलशास्त्रीय. त्यानंतर डोळ्यांना दिसू शकणारे अंधूकातले अंधूक तारेही दिसतात. वसईत हे तिन्ही थर मिळून सव्वा ते दीड तासात आटोपतात. लंडनमध्ये मेच्या अखेरीपासून जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत तिसरा थर रात्रभर संपतच नाही. तेथे राहणाऱ्या मुसलमानांना उन्हाळ्यात रात्रीची नमाज कधी पढावी, हा प्रश्न त्यामुळेच पडतो, आणि निरनिराळ्या मशिदींची वेळापत्रके निरनिराळे उत्तर देतात.

आपल्या उपासनेलाही हा प्रश्न चुकलेला नाही. पुनरुत्थान सणाचे जागरण हे मुळात रात्रीचे. परंतु मध्ययुगात ते हळूहळू अलीकडे सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन थांबले, आणि १५६६ साली पोप पाचवे पायस यांनी दुपारनंतरच्या मिस्साबलीला बंदी केल्यामुळे तेथेच पक्के झाले. पुढची जवळजवळ चार शतके नवा अग्नी भर उन्हात पेटवला जाई आणि काळोख उजळणाऱ्या मेणबत्तीची ज्योत खिडकीतून येणाऱ्या उन्हात दिसतही नसे. ‘ही रात्र’ असा गौरव होई तेव्हा बाहेर बाजार भरलेला असे! १९५१ साली पोप बारावे पायस यांनी प्रयोगादाखल, आणि १९५५ च्या आदेशाने सर्वत्र, हे जागरण पुन्हा रात्रीकडे नेले. सध्याचा नियम असा की, ते अंधार पडण्यापूर्वी सुरू होऊ नये आणि रविवारी उजाडण्यापूर्वी संपावे. १९८८ साली रोमहून आलेल्या परिपत्रकाने हा नियम शब्दशः पाळण्याविषयी पुन्हा बजावले, कारण अनेक ठिकाणी नेहमीच्या शनिवार-सायंकाळच्या मिस्साच्या वेळीच जागरणही उरकले जात होते. आपल्याकडे सूर्यास्तानंतर तासाभरात काळोख मिळतो. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता. आदल्या दिवशी डब्लिनमध्ये सूर्यच मुळी साडेआठच्या सुमारास मावळला. लहान मुले घेऊन आलेल्या तेथील कुटुंबांना त्या नियमाची किंमत चांगलीच कळत असेल.

आणि त्या जागरणाच्या मुळाशी जी पहाट आहे, तिच्या उजेडाविषयी चार शुभवर्तमानकार एका सुरात बोलत नाहीत. मग्दालिया मरिया कबरेकडे आली तेव्हा अजून अंधार होता, असे योहान सांगतो. मत्तय उजाडू लागल्याचे सांगतो, लूक अगदी भल्या पहाटेची वेळ देतो, आणि मार्क म्हणतो की, सूर्य उगवला होता. लूकने तर आदल्या प्रसंगी आणखी एक नवल केले आहे. प्रभूला कबरेत ठेवले त्या शुक्रवारच्या सायंकाळी शब्बाथ लागत होता, हे सांगताना त्याने ‘उजाडणे’ याच अर्थाचे ग्रीक क्रियापद योजले आहे. सांज पडते आहे आणि लेखक म्हणतो आहे की, उजाडत होते. काही टीकाकारांच्या मते हा यहुदी बोलण्याचा परिपाठ, काहींच्या मते शब्बाथाच्या दिव्यांचा उजेड. योहान आणि मार्क यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न संत अगस्तीन यांच्यापुढेही होता. शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याचे उत्तर दिले. मार्क ज्याला सूर्योदय म्हणतो, तो सूर्याचे बिंब वर येणे नव्हे. पूर्वेकडचे आकाश पांढुरके होऊ लागले होते, एवढाच त्याचा अर्थ. तो पांढुरकेपणा अजून न दिसणाऱ्या सूर्याचाच असल्यामुळे सूर्य उगवला म्हणणेही खोटे नाही, आणि अजून अंधार होता म्हणणेही खोटे नाही.